शेवटच्या मणक्याचा उतार

आमच्या ह्यांना वाकडं काही बघवत नाही. कोणाकडे गेलो की चहा येईपर्यंत ह्यांनी त्यांच्या भिंतीवरच्या दोन तसबिरी सरळ केलेल्या असतात. लेकीच्या सासरी पहिल्यांदा जेवायला गेलो, तेव्हा तिथलं टेबल जरा डुगडुगलं. झालं. हे खाली वाकले, खिशातल्या कागदाची घडी केली, टेबलाच्या पायाखाली सारली, दोन्ही हातांनी टेबल हलवून पाहिलं आणि मगच पहिला घास घेतला. जावई बिचारे चमचा हातात धरून बघत राहिले. परत येताना मी बोलायचं ते बोलले, तर म्हणाले, "अगं, डुगडुगत होतं ना." ह्यांच्या लेखी एवढं कारण पुरतं.

बावीस वर्षं ह्यांनी लाद्या बसवल्या. लाद्या बसवणाऱ्याकडे पाणसळ असते. हातभर लांब पट्टी, तिच्यात काचेची बारीक नळी, नळीत पाणी आणि एक बुडबुडा. पट्टी लादीवर ठेवायची, बुडबुडा दोन रेघांच्या मधोमध थांबला की लादी सपाट. बाकीचे कारागीर चार लाद्यांमागे एकदा पाणसळ लावायचे. हे प्रत्येक लादीला लावायचे, आधी उभी आणि मग आडवी. कामाला वेळ लागायचा, मुकादम कावायचा, पण ह्यांनी घातलेल्या फरशीवर गोटी ठेवली तर ठेवल्या जागी राहायची. कामावर सगळे ह्यांना 'पाणसळ'च म्हणायचे, आणि मी डबा द्यायला गेले की 'पाणसळवहिनी आल्या' अशी हाक पडायची. मला त्याचं काही वाटायचं नाही. नवऱ्याला ह्याहून वाईट नावं पडलेल्या बायका माझ्या ओळखीत होत्या.

बावीस वर्षं उकिडवं बसून, गुडघ्यांवर रांगून, लाद्यांची खोकी उचलून व्हायचं तेच झालं. एका सकाळी खोकं उचलताना ह्यांच्या कमरेत काहीतरी गेलं ते गेलंच. चौघांनी ह्यांना एका दारावर आडवं घालून घरी आणलं. दार नवं कोरं, त्याच इमारतीत बसवायचं होतं. ह्यांना बिछान्यावर घेतलं, तर कण्हत मला म्हणतात काय, "त्यांना सांग, ते दार भिंतीला तिरकं टेकवून ठेवू नका, बाक येईल." तेव्हा मी डोक्याला हात लावला होता. आता आठवलं की हसू येतं, पण हसायचंही त्राण लागतं.

पुढचं वर्ष घरात गेलं. मग एका प्रयोगशाळेतून निरोप आला. तिथली फरशी ह्यांनीच घातलेली होती, आणि तिथल्या मुख्य बाई, ज्यांना सगळे मॅडम म्हणतात, त्यांनी ती फरशी ध्यानात ठेवली होती. त्यांनी ह्यांना विचारलं, "तुम्ही लाद्या बसवता तशी हाडं बसवाल का?"

ते काम असं. माणसाच्या पाठीत मणक्यावर मणका असतो आणि दोन मणक्यांच्या मध्ये गादी असते. गादी झिजली, फाटली, सरकली की खालची नस दाबली जाते. मग डॉक्टर ती गादी काढतात आणि तिथे एक चकती घालतात. ह्या चकत्या बनवणारी एक कंपनी, आणि चकती टिकेल की नाही हे बघणारी ही प्रयोगशाळा. कधी प्लास्टिकचे, कधी मेल्यावर देहदान केलेल्या माणसांचे मणके आणायचे, मधे चकती घालायची, वरचा मणका एका लोखंडी वाटीत आणि खालचा दुसऱ्या वाटीत चिकटद्रव ओतून घट्ट बसवायचा. मग दोन्ही वाट्या यंत्राच्या जबड्यात. यंत्र त्यांना पुढे वाकवतं, मागे वाकवतं, डावीउजवीकडे झुकवतं, पिळतं, हजारो वेळा. कुठे किती दाब आला, कुठे किती हललं, ते पडद्यावर उमटतं. वाटीत मणका जरा वाकडा बसला तर पुढचं सगळं मुसळ केरात. म्हणून बसवणारा माणूस हवा होता, आणि तो ह्यांच्याइतका काटेकोर हवा होता.

हे खूष झाले. पहिल्या दिवशी जुनी पाणसळ फडक्यात गुंडाळून घेऊन गेले. प्लास्टिकची हाडं बसवताना शीळ घालायचे, माणसाची बसवताना नाही. असं मला त्यांनी सांगितलं नाही. मॅडम एकदा घरी आल्या होत्या, त्यांनी सांगितलं.

जेवताना मग आमच्याकडे चकत्यांच्याच गप्पा. लेक आली की म्हणायची, "बाबा, घास तरी गिळू द्या." पण ऐकून ऐकून मलाही कळायला लागलं. चकती छोटी असली की मणक्याच्या मऊ भागात रुतते, ओल्या मातीत खुर्चीचा पाय रुतावा तशी. रुंद असली तर मणक्याच्या कडेच्या टणक भागावर टेकते आणि तरते. वरून किंचित फुगीर असली की मणक्याच्या खळग्यात चपखल बसते. एकच वजन, एकच माणूस, पण चकतीच्या आकारावर सगळी कंबर वेगळी वागते. आणि सगळ्यात खालच्या जागेसाठी, म्हणजे कमरेचा शेवटचा मणका आणि त्याखालचं तिकोनी हाड ह्यांच्या मधल्या फटीसाठी, दोन आकार तपासले होते. एक सपाट. दुसरा पाचरीसारखा, पोटाकडची बाजू उंच आणि पाठीकडची बुटकी. सपाट चकती तपासणीत अव्वल आली. पाचर पुढच्याच कडेवर टेकायची, मागे फट राहायची, हाडाला पुढून खायची. कंपनीने त्या जागेसाठी पाचर बनवायचीच सोडून दिली आणि सपाट सुरू केली. सहा वर्षं झाली त्याला. "माझ्या वाटीतून गेलेली चकती आहे," असं हे त्या सपाट चकतीबद्दल म्हणायचे, पोराला नोकरी लागल्यासारखं.

आता माझं सांगते. मी एका मोठ्या इस्पितळाच्या धुलाईखान्यात एकोणीस वर्षं काढली. यंत्रातून निघालेल्या ओल्या चादरी हाताने ओढायच्या, ढीग करायचा, ढकलगाडीवर टाकायचा, वाळवायच्या यंत्रात भरायचा. सुकी चादर काहीच नसते हो. ओल्या चादरी एकमेकींत पीळ घालून बसतात, एक ओढली की दहा येतात. माझी सगळ्यात खालचीच गादी गेली. डाव्या पायात कमरेपासून घोट्यापर्यंत तापलेली तार घातल्यासारखं व्हायचं. दोघांची मिळून एक धड पाठ होत नव्हती आमची. मी अकरा मिनिटं उभी राहू शकायचे. मी मोजलं होतं. अकरा मिनिटांत भाजी चिरून होते, पण शिजत नाही. म्हणून चिरायची, आडवं व्हायचं, उठायचं, ढवळायचं, पुन्हा आडवं व्हायचं. घरात चालताना कुठे काय धरायचं ते ठरलेलं होतं: पलंगाची कड, दाराची चौकट, मग ओटा. केस विंचरायचे तेही पडून. मला दुखण्यापेक्षा त्या हिशोबाचा कंटाळा आला होता.

ऑपरेशनची तारीख आठ महिन्यांनी मिळाली. ते आठ महिने मी कसे काढले ते मी कोणाला सांगत नाही, कारण सांगायलाही उभारी लागते. लेक मला तपासणीला न्यायची, ह्यांची प्रयोगशाळेतून सुटका व्हायची नाही. ऑपरेशनच्या दोन दिवस आधी मात्र डॉक्टरांनी सांगितलं, घरच्यांना घेऊन या, सही लागेल. तेव्हा हे पहिल्यांदा आले.

डॉक्टर बोलके. त्यांनी ह्यांना कुठे काम करता विचारलं आणि ऐकून हसलेच. खणातून चकती काढून ह्यांच्या हातावर ठेवली. "म्हणजे उद्या एकाला आणि परवा बाईंना, दोघांनाही तुमच्याच हातची बसणार तर." सपाट चकती. ह्यांनी ती अंगठ्याने चाचपली, दोन्हीकडून. मग डॉक्टरांनी भिंतीवरचा दिवा लावून माझ्या पाठीचा बाजूने काढलेला फोटो लावला आणि पेनाने दाखवायला लागले, ही गादी गेली, ही नस दबली.

हे फोटोकडे बघत राहिले. मग म्हणाले, "हा फोटो वाकवून काढलाय का?"

"नाही, ताठ उभं करून."

"पण ही खालची फट तिरकी दिसते. पुढे उघडलेली."

"ती सगळ्यांचीच तशी असते," डॉक्टर म्हणाले. "शेवटचा मणका उतारावरच बसलेला असतो. कोणाचा कमी, कोणाचा जास्त."

ह्यांनी सही केली. डॉक्टरांना विचारून फोटो बरोबर घेतला. रस्ताभर मला हाताला धरून चालवत होते, पण लक्ष माझ्याकडे नव्हतं. मला वाटलं, ऑपरेशनला घाबरले. जरा बरंही वाटलं. निदान घाबरले तरी.

दुपारी मी आडवी झाले. खिडकीपाशी खुडबुड ऐकू आली म्हणून मान वळवली. ह्यांनी माझ्या पाठीचा फोटो चिकटपट्टीने खिडकीच्या काचेवर चिकटवला होता. मागून ऊन येत होतं, त्यात माझे मणके सगळे दिसत होते. हे पाणसळ घेऊन उभे. सगळ्यांत वरच्या मणक्यापासून सुरुवात केली. पाणसळ काचेवर मणक्याच्या कडेला धरायची, बघायचं, खाली सरकायचं. वरच्या मणक्यांना बुडबुडा थोडासा हलला. शेवटच्या मणक्याखाली पाणसळ धरली आणि बुडबुडा नळीच्या टोकाला जाऊन चिकटला. ह्यांनी पुन्हा धरली. पुन्हा टोकाला. मग तिसऱ्यांदा, हात बदलून. काच सरळ आहे का म्हणून चौकटीलाही पाणसळ लावून पाहिली. चौकट सरळ होती.

मग माझ्या पायांशी येऊन बसले. "मी घोटाळा केलाय," म्हणाले.

मला काही कळेना. ते सांगत गेले, तुकड्यातुकड्यांनी. वाट्या बसवायचा नियम लिहिलेला होता, दोन्ही वाट्यांची तोंडं समांतर हवीत. वरच्या मणक्यांना ते ठीक होतं. पण शेवटची जोडी आली की ती समांतर बसायचीच नाही, पुढून आ वासलेली राहायची. ह्यांना वाटलं, कापताना नीट कापली नाही, किंवा म्हाताऱ्या माणसाची हाडं आहेत. मग हे शिकंजा लावून पुढची बाजू दाबायचे, मागच्या बाजूला लाकडाची बारीक चिप सारायचे, बुडबुडा मधोमध आला की चिकटद्रव ओतायचे. प्रत्येक जोडी. सहा वर्षं. काम इतकं सफाईदार की कोणी फिरून बघितलं नाही. माणसाच्या पाठीतला उतार ह्यांनी लादी सपाट करावी तसा सपाट करून ठेवला, आणि मग त्यात सपाट चकती चपखल बसली ह्यात नवल काय. पाचर तिथे टेकणारच कशी? तिच्या आकाराची जागाच ह्यांनी बुजवून टाकली होती.

मी म्हटलं, "न्हाणीघराला उतार देता की नाही?"

"देतो."

"का देता?"

"पाणी जायला." पाणसळ खाली ठेवली. "डोक्यातच आलं नाही गं. हाड वाकडं आहे असंच वाटलं."

कोणी दुसऱ्या माणसाने हे केलं असतं तर मी समजले असते की आळस केला. ह्यांनी जास्त मेहनत घेऊन चूक केली होती. एकेका जोडीला तास तास देऊन. मला राग यायला हवा होता की कीव, हेच कळेना, आणि दोन्हीला ताकद लागते.

"मग परवाचं काय?" मी विचारलं.

"परवाचं थांबवायला लागेल."

"पायातली कळ तरी जाईल ना त्या सपाटने?"

"कळ जाईल. नस सुटेल."

"मग झालं की."

"पण वरचा सगळा भार पुढे कलेल. तू उभी राहशील ती स्वतःला मागे खेचत उभी राहशील. दिवसभर. गुडघे वाकवून. आणि दोनचार वर्षांत वरची गादी जाईल." हे सगळं ते माझ्याकडे न बघता बोलले. "असं मला वाटतं. तपासून बघायला हवं."

"वाटतं," मी म्हटलं. "नक्की नाही."

"नाही."

आता जे मी बोलले ते लिहिताना हात जड होतो, पण लिहिते. मी म्हटलं, "मग परवाचं होऊन जाऊ द्या. माझं झालं की सांगा काय सांगायचं ते. आठ महिने थांबलेय मी. मला आता काहीही घाला, पण घाला."

"उद्या आणखी एकाचं आहे," हे म्हणाले. "डॉक्टर बोलले ना मघाशी. त्यालाही हीच."

"तो कोण लागतो माझा?"

ह्यांनी माझ्या डाव्या पायाखाली उशी सरकवली, नेहमी ठेवतात तशी, आणि कपडे बदलून प्रयोगशाळेत गेले. सुट्टी घेतलेली असताना. मी भिंतीकडे तोंड करून रडले. दुःखाने नाही हो, दमून. खिडकीवर माझा फोटो तसाच होता, तो काढायचंही कोणाला सुचलं नाही.

मॅडमनी ह्यांचं ऐकून घेतलं. मग स्वतः जुन्या वाट्या फडताळातून काढून बघितल्या. त्याच संध्याकाळी त्यांनी कंपनीला फोन केला आणि डॉक्टरांना केला. दुसऱ्या दिवशीच्या माणसाचं ऑपरेशन थांबलं. माझंही थांबलं. नवी तारीख नाही, कळवू.

त्यानंतरचे तीन आठवडे हे सकाळी जायचे ते अंधार पडता पडता यायचे. ह्या वेळी दोनच मणके नाही, चार मणक्यांचा सलग तुकडा, आणि शेवटचा मणका फोटोत दिसतो तशा उतारावर बसवलेला. उतार मोजायला मॅडमनी वेगळं हत्यार आणलं. हे म्हणाले, पहिल्या वेळी बुडबुडा टोकाला असताना चिकटद्रव ओतायचं म्हणजे हात थांबत होता. निकाल ह्यांना वाटलं होतं तसाच आला. उतारावर सपाट चकती मागच्या कडेवर टेकायची, पुढे फट. वरचे मणके पुढे कलायचे आणि वरच्या गादीवर पुढून दाब चढायचा. पाचर टाकली की भार पुन्हा आपल्या जागी. पण पाचरही हवी तेवढीच. कोणाला थोडी, कोणाला जास्त. फार उंच झाली की कंबर मागे मोडल्यासारखी होते. ज्याची पाठ त्याचा उतार. सहा वर्षांत ही सपाट चकती शेवटच्या फटीत एकशे सेहेचाळीस माणसांना बसली होती. त्या सगळ्यांना तपासायला बोलवायचं ठरलं.

कामावरून ह्यांना कोणी काढलं नाही. कोणी रागावलंही नाही. मॅडम म्हणाल्या, नियमाच्या कागदावर चित्र काढायला हवं होतं, ते आम्ही काढलं नाही. ह्यांना ते सोसलं नाही. "दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं होतं," असं मला म्हणाले. मी म्हटलं, "इकडे या, मी घालते." आणि घातल्या. बरेच दिवस घातल्या. त्यांनी ऐकून घेतल्या. आता ह्यांनी बसवलेली प्रत्येक वाटी आणखी दोघं तपासतात. ते ह्यांनीच मागून घेतलं.

पाचर नव्याने बनून यायला पाच महिने गेले. पाच महिने ह्यांनी घर केलं. मोडकी पाठ घेऊन केर काढायचा, कपडे पिळायचे, माझे केस विंचरायचे. भांग इतका सरळ पाडायचे की लेक म्हणायची, "आई, तुझ्या डोक्यावर पण पाणसळ लावली काय." मी ह्यांच्याशी कामापुरतं बोलायचे. चहा द्या, उशी द्या. अकरा मिनिटांची नऊ झाली, मग सात. त्या दिवसांत मी मनात किती वेळा म्हटलं असेल, हा माणूस दोन दिवस तोंड मिटून बसला असता तर मी आज उभी असते. एकदोनदा मोठ्यानेही म्हटलं. तेव्हा ह्यांनी हातातलं फडकं तसंच धरलं, आणि मग पुन्हा ओटा पुसायला लागले.

शेवटी ऑपरेशन झालं. माझ्या उताराची पाचर बसली. पायातली तार गेली. पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा घड्याळ बघायची सवय होती, म्हणून बघत राहिले. पंधरा मिनिटं झाली, वीस झाली. मग मी घड्याळ बघणं सोडलं.

दीड महिन्याने तपासणीला बोलावलं. मी आणि हे गेलो. इस्पितळाचा लांबलचक बोळ, दोन्ही बाजूंना खुर्च्या, आणि त्या दिवशी नेमकी एकशे सेहेचाळिसांतली काही माणसं बोलावलेली. ते मला आधी माहीत नव्हतं. पण बघितल्यावर कळलं. खुर्च्या रिकाम्या असून पाचसहा जण भिंतीला पाठ टेकून उभे होते, गुडघे जरा वाकवून, ढुंगण मागे काढून. लांबून बघितलं तर वाटावं, नुसतेच टेकलेत. हे माझ्या शेजारी बसले होते. त्यांनी एकेकाकडे बघितलं आणि मग दोन्ही हात मांड्यांखाली घालून बसले.

आमच्या अगदी समोर पंचेचाळिशीची एक बाई टेकून उभी होती. तिने मला विचारलं, "तुम्हाला कधी बसवली?" मी सांगितलं. ती म्हणाली, "मला तीन वर्षं झाली. पायाचं दुखणं गेलं, पण तेव्हापासून दुपारपर्यंतसुद्धा तग धरत नाही. केस कापायचं दुकान होतं माझं. दिवसभर उभं राहायचं काम. सोडलं. डॉक्टर म्हणाले व्यायाम करा. केला. घरचे म्हणाले, हिच्या अंगात आळस शिरलाय. आधी मला राग यायचा. मग मलाही वाटायला लागलं, असेल. आळसच असेल."

हे उठले. ह्यांना उठायला वेळ लागतो, खुर्चीचा हात धरून, एक गुडघा, मग दुसरा. तिला वाटलं, हेही तपासायला आलेले. ती बाजूला सरकून म्हणाली, "टेका काका इथे, बसण्यापेक्षा बरं वाटतं."

हे टेकले नाहीत. म्हणाले, "बाई, तुमचा आळस नव्हता. चकतीचा आकार चुकला. ती तपासताना मी मणके चुकीचे बसवले होते."

तिला एकदम कळलं नाही. ह्यांनी पुन्हा सांगितलं, मला सांगितलं होतं तसंच, उतार, शिकंजा, लाकडाची चिप, काही न वगळता. मी ह्यांचा सदरा मागून ओढत होते. मला भीती वाटत होती की ती ओरडेल, बाकीचे जमतील. ती ओरडली नाही. तिने विचारलं, "मग आता सरळ होईल?"

"मला नाही सांगता येणार. डॉक्टर बघून सांगतील."

"तीन वर्षं," ती म्हणाली. मग म्हणाली, "म्हणजे मी आळशी नव्हते."

"नव्हता."

"हे तुम्ही माझ्या घरी येऊन सांगाल? मी सांगितलं तर कोणी ऐकणार नाही."

"येतो," हे म्हणाले. खिशातून पेन्सिल काढली. "पत्ता सांगा."

ती पत्ता सांगत होती आणि हे हातातल्या माझ्या तपासणीच्या कागदामागे लिहून घेत होते, तेवढ्यात माझा नंबर आला. व्यायाम शिकवणारी मुलगी दारातून बाहेर आली आणि म्हणाली, "मावशी, आतमध्ये जागा नाही, इथेच बोळात चालून दाखवा. त्या टोकापर्यंत जायचं आणि परत यायचं. आधार घ्यायचा नाही."

मी ह्यांच्याकडे बघितलं. ते लिहीत होते. मी चालायला लागले. भिंतीला टेकलेल्या माणसांनी माझ्यासाठी पाय आवरून घेतले. माझी पाठ सरळ होती, पाय हलके होते, कुठे काही धरावं लागत नव्हतं. आठ आणि पाच, तेरा महिने मी ह्याच चालण्याची वाट बघितली होती, आणि मला ते चालवेना. तो कोण लागतो माझा, असं मी ज्याच्याबद्दल विचारलं होतं, तो कदाचित इथेच कुठेतरी असेल असं वाटत राहिलं. आणि माझं ऐकून हे गप्प बसले असते, तर आज मीही त्याच भिंतीला टेकलेली असते, आणि ह्या बाईला तिचा आळस नव्हता हे सांगायला कोणी आलं नसतं.

टोकाला पोचले. मुलगी मागून म्हणाली, "छान. आता परत या."

मी वळले. ती बाई मला बघत होती. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, हेवाही नव्हता. ती फक्त माझ्या कमरेकडे आणि गुडघ्यांकडे लक्ष देऊन बघत होती, कसं चालतात ते.